पोस्ट, शेजार आणि अडलेली कादंबरी : सांगलीतलं एक प्रकरण

या प्रकरणाविषयी

सांगलीतल्या एका कथालेखिकेला फेसबुकनं मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. त्याच काळात तिची कादंबरी अडली, आणि तिच्याच एका पोस्टमुळे शेजारच्या घराला त्रास झाला. या गोष्टी एकमेकींत कशा गुंतत गेल्या आणि तिनं त्यातून कोणती वाट काढली, याची ही नोंद आहे. लेखिकेला इथे शैलाताई म्हटलं आहे, हे त्यांचं खरं नाव नाही. गल्ली, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. मी त्यांच्या हस्तलिखितांचं संपादन करते, म्हणून बरंचसं जवळून पाहिलं. ज्या शेजाऱ्यांचा उल्लेख पुढे येतो, त्यांनी हा मजकूर आधी वाचला आणि दोन ठिकाणी बदल सुचवले. ते केल्यावरच तो इथे येतो आहे.

लिहिणाऱ्या लोकांत समाजमाध्यमांचा विषय निघाला की बहुतेक जण पटकन एक बाजू घेतात. शैलाताईंना दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या, आणि त्यातली कुठलीही एक सोडून दिली तर आपण खोटं बोलू, असं त्यांना वाटायचं. त्यांची ही घालमेल मला महत्त्वाची वाटते. तिच्यातून त्यांनी घेतलेले निर्णय इतरांच्याही कामी येतील, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

शैलाताई माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. यजमान मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाचं काम पाहतात. दिवाळी अंकांत वर्षाला एक-दोन कथा, एक कथासंग्रह, आणि तालुक्याच्या गावांत होणारी लहान साहित्य संमेलनं, एवढंच त्यांचं लेखनाचं जग होतं. पहिल्या संग्रहाच्या पाचशे प्रतींतल्या निम्म्याहून जास्त कितीतरी वर्षं कपाटावर पडून होत्या. कथा छापून आली की एखादं पत्र यायचं, बऱ्याचदा तेही नाही.

२०१६ नंतर मोबाइलवर इंटरनेट स्वस्त झालं आणि त्यांच्या शाळेतले सगळे शिक्षक फेसबुकवर आले, तशा त्याही आल्या. सुरुवातीला शाळेच्या कार्यक्रमांचे फोटो टाकायच्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या. हे बदललं ऑगस्ट २०१९ मध्ये.

त्या महापुराचं वर्णन सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. अनेक घरांनी २००५च्या पुराची खूण धरून सामान वर चढवलं होतं. तेव्हा जिथं थांबलं तिथंच यंदाही थांबेल, हा हिशेब. पाणी त्या खुणेवरून पुढे गेलं. शैलाताईंचं कुटुंब वरच्या मजल्यावर अडकलं. वीज गेलेली, फोन एका पॉवर बँकेवर चाललेला. त्या दिवसांत त्या फेसबुकवर लिहीत राहिल्या. आज किती पायऱ्या बुडाल्या, कुठल्या गच्चीवर किती माणसं आहेत, कुणाला औषध हवं आहे. लोक दर तासाला आयर्विनची पातळी विचारायचे. त्या पोस्ट वाचून बोटवाल्या स्वयंसेवकांनी एका आजीला खाली उतरवलं, हे मला त्या गल्लीतल्या तिघांनी वेगवेगळं सांगितलं. समाजमाध्यमांच्या जमाखर्चात ही जमा मोठी आहे आणि ती कुणी खोडू शकत नाही.

पाणी उतरल्यावर त्यांनी पुरात सापडलेल्या माणसांविषयी लिहिलं. दोनशे-तीनशे शब्दांचे ते तुकडे लोकांनी उचलून धरले. फेसबुकवर मित्रयादीची मर्यादा पाच हजारांची आहे. ती भरली, पुढचे लोक फॉलो करू लागले. जतमधून, आटपाडीतून, पुण्याहून, दुबईतूनही निरोप येऊ लागले. आटपाडी भागातल्या एक परिचारिका रात्रपाळी संपली की सविस्तर लिहायच्या. शैलाताईंच्या कथेवर इतकं नेमकं कुणी कधीच बोललं नव्हतं, समीक्षकही नाही. २०२०च्या टाळेबंदीत छापखाने थंडावले, दिवाळी अंकांची पानं आणि संख्या घटली, तेव्हा लिहिणाऱ्याला वाचक भेटण्याची जागा बराच काळ मोबाइलच होती. दुसरा संग्रह त्यानंतर आला आणि पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर संपला. प्रकाशकांनी कादंबरी मागितली. इथवर सगळं चढतं होतं.

अडचण

अडचण एका बाजूनं आली नाही. मला ती तीन ठिकाणी दिसली, आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी लक्षात आली.

पहिली शेजारची. त्यांच्या गल्लीत खाली पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या काकांनी २००५ची खूण पाहून मोटार लाकडी मेजावर उचलून ठेवली होती. पाणी मेजाच्याही वर गेलं. पूर ओसरल्यावर काका भिजून फुगलेल्या गव्हाच्या पोत्याशेजारी बसले होते आणि मोटारीचं झाकण उघडून आतला गाळ चहाच्या चमच्यानं काढत होते. शैलाताई चिखल तुडवत तिथं गेल्या, तेव्हा ते म्हणाले, "पतसंस्थेचे हप्ते अजून राहिलेत, बाई." त्यांनी त्या रात्री हे लिहिलं. गिरणी, चमचा, हप्ते, सगळं. नाव घातलं नाही, पण गल्लीचं वर्णन होतं आणि त्या भागात गिरणी एकच.

ती पोस्ट त्यांच्या सगळ्या लेखनात सर्वांत जास्त वाचली गेली. पुण्यातल्या एका वाचकानं मोटारीच्या रिवाइंडिंगचा खर्च पाठवला. गिरणी दिवाळीच्या आत सुरू झाली. त्याबरोबर मदतीचे टेंपोही आले, आणि काहींनी दारात बॅनर धरून काकांना फोटोसाठी उभं केलं. अनोळखी लोक "ते पोस्टमधले गिरणीवाले तुम्हीच का?" असं विचारत यायचे. थंडीत काकांच्या मुलीला मिरजेकडचं एक स्थळ आलं. बोलणी पुढे गेली होती. मग पाहुण्यांनी विचारलं, "कर्ज अजून किती राहिलंय म्हणे?" स्थळ फिसकटलं. पोस्टमुळेच फिसकटलं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण काकू शैलाताईंना जे म्हणाल्या, ते इथे शब्दशः देते, कारण या प्रकरणातलं सर्वांत स्पष्ट वाक्य तेच आहे. "बाई, तुम्ही चांगल्यासाठीच लिहिलंत, ते कळतंय आम्हाला. पण आमच्या घरातलं कुणाला सांगायचं, ते आम्ही ठरवलं असतं की."

दुसरी अडचण नावाची. मकर संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं. आपल्या जिल्ह्यातल्या लिहित्या माणसांची ती दरवर्षीची ठरलेली भेट. तिथं एका गृहस्थांनी शैलाताईंना मोठ्या कौतुकानं मोबाइल दाखवला, "हे वाचा, एका शेतकऱ्याच्या मुलीनं लिहिलंय, डोळ्यांत पाणी येतं." मजकूर शैलाताईंचा होता. वर नाव गेलेलं, खाली कुणीतरी दोन ओळी जोडलेल्या, आणि मजकुरावर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण. त्यांनी त्या गृहस्थांना काही सांगितलं नाही. घरी येऊन शोधलं तेव्हा फेसबुकवरच्या अनेक पेजेसवर तोच मजकूर वेगवेगळ्या नावांनी सापडला.

तिसरी अडचण सर्वांत खोल होती, आणि ती आधी मला हस्तलिखितात दिसली. कादंबरी मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बायकांवर होती. विषय त्यांच्या घरातला, यजमानांमुळे रोजच्या पाहण्यातला. चौथ्या प्रकरणात एक बाई मुलीच्या हळदीच्या दिवशी मागच्या पायरीवर बसून नखं घासते आहे. वर्षानुवर्षं हळद निवडून तिची बोटं पिवळीच झालेली. सगळ्याजणी हळद लावून घेतात, हिच्या हातावर लावलेली दिसतच नाही. प्रसंग फार सुरेख आहे. पण प्रकरण तिथंच थांबत होतं, एका चटका लावणाऱ्या वाक्यावर. मी समासात "पुढे?" असं लिहिलं. मग मागची प्रकरणं पुन्हा वाचली, तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक प्रसंग तीनशे-साडेतीनशे शब्दांत तशाच वाक्यावर येऊन संपतो आहे. तेराव्या पानावरची बाई चौदाव्या पानावर पोहोचतच नाही.

विचारल्यावर शैलाताईंनी जे सांगितलं, ते ऐकून मला या सगळ्याकडे पाहायची दिशा मिळाली. हा प्रसंग त्यांनी आधी पोस्ट म्हणून टाकला होता. हजारो लोकांनी वाचला, शेकडोंनी आपापल्या आईची आठवण लिहिली. "त्या रात्री ती बाई माझ्यापुरती पूर्ण झाली," त्या म्हणाल्या. "आता कादंबरीत तिला उठवून घरात न्यायचं म्हटलं, तर ती उठत नाही."

समाजमाध्यमांत वेळ वाया जातो, ही तक्रार सगळेच करतात. शैलाताईंचा वेळ जात होताच, पण वेळ परत मिळवता येतो. इथे अनुभवच खर्ची पडत होता. कथेला लागणारा कच्चा माल ओला असतानाच विकला जात होता, आणि दामही रोख मिळत होता. त्यामुळे मुरवत ठेवण्याची गरजच मनाला वाटेनाशी झाली. ज्या पोस्टवर लोक सुरुवातीलाच थांबतात, बोलतात, ती आणखी लोकांना दाखवली जाते, अशी तिथली रचना आहे. म्हणून पहिल्या ओळीत धरायचं आणि शेवटच्या ओळीत चटका द्यायचा, ही सवय हाताला लागते. कादंबरीला नेमकी याच्या उलट सवय हवी.

मधला एक निर्णय

२०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या वेळी शैलाताईंनी काय केलं, हे वेगळं नोंदवायला हवं, कारण पुढच्या सगळ्या निर्णयांचं बीज त्यात आहे. त्यांनी पाण्याची पातळी, बंद झालेले रस्ते, निवाऱ्याच्या जागा आणि मदतीचे फोन नंबर एवढंच टाकलं. माणसांविषयी एक ओळ लिहिली नाही. वाचकांनी विचारलं, "ताई, यंदा लिहीत का नाही?" त्यांनी उत्तर दिलं नाही, पण वहीत रोज लिहीत होत्या.

म्हणजे एकाच माध्यमाचे दोन उपयोग वेगळे करता येतात, हे त्यांनी स्वतःच करून पाहिलं होतं. पण पूर ओसरला आणि जुनी सवय परत आली. संकटात पाळलेली शिस्त नेहमीच्या दिवसांत टिकली नाही.

समोरचे पर्याय

जून २०२३ मध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, कादंबरी दोन वर्षं एकाच जागी होती. तेव्हा त्यांनी घरच्यांना आणि मला बसवून विचार केला.

यजमानांचं मत सरळ होतं, खातं कायमचं काढून टाक. फेसबुकवर खातं हटवायची विनंती दिल्यावर तीस दिवसांची मुदत असते, त्यात मन बदललं तर परत येता येतं. त्याआधी सगळा मजकूर उतरवून घेण्याची सोयही आहे. म्हणजे लेखन हरवण्याची भीती नव्हती. हरवणार होते वाचक. त्या परिचारिकाबाईंचा फोन नंबर शैलाताईंकडे नव्हता, पत्ता नव्हता. चार वर्षांचा स्नेह, आणि तो पूर्णपणे दुसऱ्याच्या जागेत उभा. हे जाणवलं तेव्हा त्या खरंच हबकल्या.

खातं तात्पुरतं बंद ठेवणं हा दुसरा पर्याय. तो त्यांनी आधी एकदा करून पाहिला होता. पंधरवडा झाला नाही तोवर फोन सुरू झाले, "मॅडम, बरं नाही का?", "आमचं काही चुकलं का?" एका वाचक भगिनींना वाटलं, आपल्याला काढून टाकलं. एकट्या माणसानं गप्प बसणं लोकांना रुसणं वाटतं.

मुलीनं सुचवलं की पेज ती सांभाळेल, आईनं फक्त लिहावं. प्रकाशकांनाही हे पसंत होतं. पुढच्या पुस्तकाची आगाऊ मागणी त्या पेजवरूनच येणार, हे त्यांचं गणित चुकीचं नव्हतं. पण शैलाताईंना ते पटलं नाही. लोक ज्यांच्याशी बोलताहेत असं समजतात, त्या आपण नसू, तर ते फसवणं होईल, असं त्यांचं म्हणणं. मला हा आक्षेप योग्य वाटतो, जरी त्यामुळे काम वाढलं.

चौथा पर्याय म्हणजे राहायचं, पण काय टाकायचं याची मर्यादा घालून. यात सोय होती आणि धोकाही. मर्यादा आपणच घातलेली असली की ती आपणच मोडतो.

या टप्प्यावर त्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला जाऊन आल्या. तिथं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवले जातात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. शैलाताईंना त्यातली एक गोष्ट लागू पडली. तिथं सगळे एकाच वेळी बंद करतात, त्यामुळे कुणी कुणाच्या उत्तराची वाट पाहत नाही आणि कुणी कुणावर रुसत नाही. आपण पंधरवडा बंद राहिलो तेव्हा हेच कमी पडलं होतं. वाचकांना आपली वेळ माहीत नव्हती.

काय केलं

आधी शेजार. गिरणीवाल्यांची मूळ पोस्ट त्यांनी काकूंच्या बोलण्यानंतरच काढली होती, पण त्यावर काकांशी बोलणं झालं नव्हतं. त्या घरी गेल्या. स्पष्टीकरण दिलं नाही, फक्त विचारलं की आता मी काय करू म्हणजे बरं होईल. काका म्हणाले, "आता काय करायचं राहिलंय? आमच्याबद्दल परत लिहू नका म्हणजे झालं." ते त्यांनी पाळलं. (हे प्रकरण लिहिण्याआधी परवानगी मागायला मी गेले, शैलाताई नाही. तेही काकूंच्याच सांगण्यावरून.)

मग चोरीला गेलेला मजकूर. लेखनावर लेखकाचा हक्क ते लिहिल्याबरोबर निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ तर लेखकाला आपलं नाव लावून घेण्याचा आणि मजकुराची मोडतोड रोखण्याचा वेगळा हक्क देतं. फेसबुकवर ज्या पेजेसनी मजकूर उचलला होता, त्यांच्याविरुद्ध तिथल्याच कॉपीराइटच्या अर्जात त्यांनी तक्रारी केल्या. मूळ पोस्टची तारीख हाच पुरावा होता. बरीच पेजेस उतरली, काहींनी नाव घालून माफी मागितली. व्हॉट्सअॅपवर मात्र हात टेकावे लागले. तिथले संदेश पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतात, त्यामुळे एखादा मजकूर सगळीकडून काढून घ्या, असं सांगायला कुणी नसतं. त्यांनी मग मूळ तुकडा नीट दुरुस्त करून एका दिवाळी अंकात नावानिशी छापायला दिला. छापील पान हा कायमचा पुरावा. आता कुणी तो फॉरवर्ड पाठवला की त्या उत्तरादाखल छापील पानाचा फोटो पाठवतात, वाद घालत नाहीत.

लेखनासाठी त्यांनी जो नियम केला, तो मला सर्वांत कामाचा वाटतो. पाहिलेलं, ऐकलेलं आधी वहीत. वहीतली गोष्ट कथेत गेली, किंवा ही कथेत जाणार नाही असं पक्कं ठरलं, तरच तिच्यावर पोस्ट. जिवंत, ओळखू येणाऱ्या माणसाविषयी असेल तर त्याला वाचून दाखवल्याशिवाय नाही. छापून आलेलं लेखन, कार्यक्रम, दुसऱ्यांची पुस्तकं, शाळेतल्या मुलांनी वाचलेलं यावर मात्र मोकळेपणानं लिहायचं.

वाचकांना त्यांनी एक पोस्ट लिहून कळवलं की उत्तरं रविवारी सकाळीच मिळतील, एरवी मी दिसले नाही तर लिहीत असेन. ही पोस्ट पेजच्या वर लावून ठेवली. त्याच पोस्टमध्ये ज्यांना हवं त्यांनी नंबर आणि पत्ता कळवावा, अशी विनंती होती. आलेल्या नंबरांची व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट यादी केली. ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच असा निरोप पोहोचतो, आणि उत्तर एकेकाचं खासगीत येतं. गट करायचं त्यांनी टाळलं. गटात सुप्रभात आणि राजकारण येणारच, हे त्यांना शाळेच्या गटावरून माहीत होतं.

आणखी एक पाऊल नंतर उचललं. महिन्यातून एकदा काही वाचकांना घरी किंवा ओळखीच्या एका सभागृहात बोलावून अपुरं लेखन वाचायचं. पंधरा-वीस जण येतात. हळदीच्या बाईचा प्रसंग तिथं वाचला, तेव्हा मार्केट यार्डातून आलेल्या एका बाई सरळ म्हणाल्या, "नखं घासून काय उपयोग, ते जातच न्हाई. ती बाई असं करणारच न्हाई. ती कामाला लागंल, पाहुणे आल्यात." हजारो लाइक्समध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. फेसबुकवर ही बाई नव्हतीच. शैलाताईंनी प्रसंग बदलला. ती बाई पायरीवरून उठली.

काय झालं

कादंबरी हलली. आजही ती पूर्ण नाही, पण प्रसंग आता एकमेकांत उतरतात. मधल्या काळात तीन दीर्घकथा झाल्या, त्यांतली एक मला त्यांच्या आजवरच्या लेखनात उजवी वाटते. वह्या भरताहेत.

किंमतही मोजावी लागली. पोस्ट कमी झाल्या तशी पेजवरची वर्दळ ओसरली. पूर्वी शेकड्यांनी येणारे प्रतिसाद आता मोजक्यांचे येतात. तिसऱ्या संग्रहाची आगाऊ मागणी दुसऱ्यापेक्षा कमी आली, आणि प्रकाशकांनी ते बोलूनही दाखवलं. प्रकाशकांचं दुखणं खरं आहे. कागद, छपाई, टपाल सगळंच महाग, आणि मराठी पुस्तकाला जाहिरात परवडत नाही. लेखकाचं पेज हीच जाहिरात. ते लेखिकेनं आवरतं घेतलं की झळ दुसऱ्यालाही लागते, हे या निर्णयात धरायला हवं होतं. आधी बोलणं झालं असतं तर पहिली आवृत्ती लहान काढता आली असती.

नंबर आणि पत्ते काही शेकड्यांतच आले. हजारोंमधले बाकीचे नुसते दिसत होते, असं म्हणावं लागेल. परिचारिकाबाई यादीत आहेत. त्या आता पत्रं लिहितात, पोस्टानं.

गिरणीवाल्यांशी बोलणं आहे. दळण तिथंच जातं. मुलीचं लग्न पुढे झालं, आमंत्रणही आलं. पण शैलाताई गिरणीत गेल्या की काका आता कामाचंच बोलतात. पूर्वीसारखं पोत्यावर बसून घरचं सांगत नाहीत. लिहिणाऱ्या माणसाला असं गमावलेलं बोलणं फार महाग पडतं, आणि ते कुठल्याही नियमानं परत येत नाही.

आणि ओढ गेलेली नाही. काही चांगलं दिसलं की हात मोबाइलकडे जातो, असं त्या स्वतःच सांगतात. लोकांचं तत्काळ "ताई, किती खरं" म्हणणं त्यांना आजही हवंसं वाटतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, असं माझं मत आहे. वर्षानुवर्षं कपाटावर पुस्तकं पडलेली पाहिलेल्या बाईला वाचकाची भूक असणारच.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा फरक पडला असता तो २०१९च्या त्या एका रात्री. पाणी चढत असतानाच्या पोस्ट तातडीच्या होत्या, त्यांना थांबवून चालणार नव्हतं. गिरणीची पोस्ट तशी तातडीची नव्हती. ती चार दिवसांनी, काकांना वाचून दाखवून टाकली असती तर हप्त्यांची ओळ बहुधा गळाली असती, आणि मोटारीची मदत तरीही आली असती. पुराच्या घाईत तातडीचं काय आणि नुसतं टोचणारं काय, यातला भेद पुसला गेला. पूर, अपघात, आजारपण यांविषयी तिथल्या तिथं लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा भेद रोज करावा लागतो.

नंबर आणि पत्ते पहिल्या वर्षीच घ्यायला हवे होते. तेव्हा लोक उत्साहात होते, मागितल्याबरोबर दिले असते. चार वर्षांनी मागितले तेव्हा अनेक जण ते पेज पाहणं सोडून गेले होते.

कादंबरीच्या बाबतीत २०२१चा पूर ओसरल्यावर लगेच नियम बसवता आला असता. तेव्हा वही हाताशी होती, सवय लागत आली होती. दोन वर्षं वाचली असती. पण त्या वेळी दुसरा संग्रह जोरात खपत होता, आणि चालत्या गाडीला कुणी ब्रेक लावत नाही. मी त्यांच्या जागी असते तर लावला असता का, हे मला ठामपणे सांगता येणार नाही.

महिन्याच्या वाचनबैठकीबद्दल मात्र मला शंका नाही. ती पहिल्यापासून असती तर इतर कितीतरी गोष्टी आपोआप सावरल्या असत्या. ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसं समोर बसलेली असली की लेखकाची जीभ आणि हात, दोन्ही जबाबदार होतात.

सध्या एक प्रश्न उघडा आहे. २०१९च्या पोस्टचं पुस्तक करावं, असा प्रकाशकांचा आग्रह आहे. शैलाताईंनी अट घातली की प्रत्येक तुकड्यातल्या माणसाची परवानगी घ्यायची. बहुतेकांनी हो म्हटलं, काहींनी तर फोटोही काढून दिले. दोघांनी नाही म्हटलं, ते तुकडे गळले. गिरणीचा तुकडा त्यांनी विचारलाच नाही, तो पुस्तकात नसेल. त्याच्याशिवाय पुस्तक अपुरं राहील, असं प्रकाशकांना वाटतं. मलाही संपादक म्हणून तसंच वाटतं. शैलाताईंचं उत्तर ठरलेलं आहे, अपुरं राहू दे.